शालिग्रामभाऊंच्या जादा फेऱ्या

मी विमानाला चार्जिंग करत नाही, हे राजापेठेतल्या माझ्या शेजारणींना अजून पटलेलं नाही. "वीज मंडळातून रिटायर झाल्या अन् आता विमानाले प्लग लावतात," अशी माझी ओळख करून दिली जाते. परवा एका लग्नात एकीनं गंभीरपणे विचारलं, "हवेत बॅटरी संपली तं मंग काय करता वो?" मी म्हटलं, "तेव्हा मी घरी असते."

खरं काम असं. विमान उतरून उभं राहिलं की त्याच्याभोवती पाच-सहा गाड्या धावतात. सामानाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, पाण्याची गाडी, चाकाच्या खुर्चीवरच्या प्रवाशाला विमानाच्या दारापर्यंत उचलणारी लिफ्टगाडी, एक जीप. आणि सगळ्यांत महत्त्वाचा जीपीयू. उभ्या विमानाला इंजिन बंद ठेवून दिवे, पंखे आणि यंत्रं चालवायला बाहेरून वीज लागते. ती देणारं हे गाडीवर बसवलेलं जनरेटर. आमच्याकडे या सगळ्या गाड्या डिझेलच्या होत्या, मोठ्या विमानतळावर झिजून मग इकडे आलेल्या. जीपीयू सुरू झाला की शेजारच्या माणसाशी बोलायलाही खुणा कराव्या लागत.

तेहतीस वर्षं मी अकोला आणि मूर्तिजापूरच्या उपकेंद्रांत काढली. निवृत्तीनंतर अमरावतीला आले आणि चौथ्याच महिन्यात विमानतळावर जमिनीवरची कामं करणाऱ्या कंपनीचा फोन आला. (अकोल्याच्या सासरच्या मंडळींनी हे अजून मनाला लावून घेतलंय. "विमान अमरावतीले गेलं ते गेलं, आमची सूनही नेली," असं माझे दीर म्हणतात.) कंपनीचे इथले व्यवस्थापक साने सर पुण्याचे. बोलणं मृदू. समोरचा वऱ्हाडीत साधं 'काय पायजे' म्हणाला तरी त्यांना तो भांडतोय असं वाटे.

त्यांनी माझ्यापुढे एक जाड अहवाल ठेवला. सगळ्या गाड्या विजेवर करायच्या होत्या. मोठ्या शहरातल्या सल्लागारांनी हिशेब केला होता: सहा गाड्या, सहा मोठे चार्जर, सगळे एकदम सुरू झाले तर लागणारा भार, म्हणून नवं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) आणि नवी केबल.

"रोहित्राला फार वेळ लागेल," साने सर म्हणाले. "मुख्य कार्यालय म्हणतंय, तेवढं थांबायचं असेल तर राहू दे. डिझेलच्याच जुन्या गाड्यांचा आणखी एक लॉट पाठवतो."

"पण सहाही गाड्या एकदम कशाला चार्ज करायच्या? घरात सहा माणसं आहेत म्हणून आपण सहा शेगड्या पेटवतो का?"

"म्हणजे आहे त्या विजेत जमेल?"

"आत्ता नाही सांगता येणार. आधी कोणती गाडी किती चालते ते बघू द्या."

हे बघणंच या कामाचं मूळ आहे. विजेची गाडी आणायला फार अक्कल लागत नाही, पत्र लिहिलं की येते. ती कधी रिकामी असते, किती वेळ, कुठे उभी राहते, तिच्यात किती वीज उरलेली असते, हे कळलं की चार्जर कुठे आणि किती बसवायचे ते आपोआप ठरतं. म्हणून मी हिरवं जाकीट घातलं, वही घेतली आणि सामानाच्या ट्रॅक्टरमागे चालू लागले.

ट्रॅक्टर शालिग्रामभाऊ इंगोल्यांचा. म्हणजे कंपनीचा, पण त्यांच्याशिवाय कोणी हात लावत नसे. पन्नाशी ओलांडलेले, उंच, मिशा पांढऱ्या. आधी धामणगाव रेल्वे या गावी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहून नेणारा ट्रॅक्टर चालवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी ब्रेक मारला.

"बाई, तुमी कावून माह्या मांगं मांगं फिरून राहिल्या?"

"ट्रॅक्टर दिवसाला किती चालतो ते लिहितेय."

"कशाले?"

"विजेचा आणायचाय. त्याला किती बॅटरी लागेल ते बघतेय."

त्यांनी गिअर टाकला आणि गेले.

पहिल्या दिवशी ट्रॅक्टर तीन किलोमीटर चालला. दुसऱ्या दिवशी आठ. तिसऱ्या दिवशी तेरा. विमानं तेवढीच, सामानही तेवढंच. रिकामा ट्रॅक्टर लांबच्या कुंपणापर्यंत जायचा, वळसा घालून परत यायचा, पुन्हा जायचा. विचारलं तर भाऊ म्हणायचे, "चाक आवाज करून राहिलं, पाहत होतो."

मी आयुष्यभर मीटर तपासलेले. आकडा विनाकारण चढला की तिथे कुणाचा तरी हात असतो, हे मला वेगळं शिकायची गरज नव्हती. पण तेरा किलोमीटर धरले तर माझं गणित मोडत होतं. ट्रॅक्टरला दिवसातून दोनदा चार्जिंग लागणार, दोन ट्रॅक्टरना चारदा, आणि मग सल्लागारांचा अहवालच बरोबर ठरणार होता. साने सरांना सांगितलं असतं तर भाऊंना नोटीस गेली असती. ते मला नको होतं. खरं सांगायचं तर मला राग कमी आणि कुतूहल जास्त होतं. इतक्या मेहनतीनं कुणी माझा हिशेब याआधी बिघडवला नव्हता.

चौथ्या दिवशी मी गेटबाहेरच्या टपरीवर दोन प्लेट गिला वडा मागवला आणि एक त्यांच्यापुढे सरकवली.

"भाऊ, काल तेरा किलोमीटर. आज किती करायचा विचार आहे?"

त्यांनी वडा मोडला, दह्यात फिरवला, खाल्ला नाही.

"तुमाले समजलं?"

"पहिल्याच जादा फेरीला."

"मंग सायबाले सांगतलं कावून नाही?"

"आधी तुम्हाला विचारावं म्हटलं."

त्यांनी प्लेट बाजूला सरकवली. मग म्हणाले, "बाई, तुमची विजेची गाडी येईन. तिच्यासंग तिले चालोनारा माणूस येईन. शिकलेला, कंप्युटरवाला. मंग मले कोन ठेवते? म्या गावात सांगून ठेवलं हाये, मी विमानतळावर हाये म्हनून. पोराच्या सासरचे लोक तेवढ्यावर इज्जत देतात. म्हनलं, ह्या बाईचा आकडाच बिघडवू. गाडी येनारच नाही."

"गाडीबरोबर माणूस येणार की नाही, मला माहीत नाही," मी म्हटलं. "खोटं आश्वासन देणार नाही. पण विचारते, आणि जे उत्तर येईल ते लेखी आणते. तोवर तुम्ही फिरवा ट्रॅक्टर, मी लिहीत नाही."

नोटीस काढायची नाही असं आधी कबूल करून घेऊन मी साने सरांना सगळं सांगितलं; ते आधी दचकले, मग चक्क हसले. त्यांनी मुख्य कार्यालयाला विचारलं, स्मरणपत्र पाठवलं, फोन केला. तीन दिवसांनी कागद आला: आहेत त्याच चालकांना शिकवायचं, नवे चालक घ्यायचे नाहीत. मी त्याची प्रत शालिग्रामभाऊंच्या हातात दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, घडी घालून खिशात ठेवली, आणि म्हणाले, "पयल्या दिवसाचा आकडा खरा. बाकीचे कापून टाका."

त्यानंतर मात्र ते मला सोडेनात. मी वहीत लिहायचे त्यापेक्षा जास्त त्यांच्या डोक्यात होतं. कोणत्या वारी सामान जास्त, विमान उतरायच्या किती आधी जीपीयू जागेवर लागतो, कोणती गाडी दिवसदिवस हलतच नाही. आठवडाभरात चित्र साफ झालं. विमान जमिनीवर असतं जेमतेम अर्धा-पाऊण तास. बाकी वेळ आमच्या गाड्या उन्हात उभ्या. पाळी लावली तर एका वेळी दोनच गाड्या चार्ज करून भागत होतं, आणि तेवढी वीज आमच्याकडे शिल्लक होती. सहाऐवजी दोन चार्जर. नवं रोहित्र नको, नवी केबल नको.

मी मोठ्या ऐटीत नकाशा काढला. चार्जरपुढे गाड्या लावायच्या जागा, मोटारी लावतात तशा, तोंड भिंतीकडे करून. शालिग्रामभाऊंनी नकाशा उलटसुलट पाहिला.

"ताई," ते म्हणाले. (बाईची ताई कधी झाली, मला आठवत नाही.) "माह्या मांगं तीन ट्रॉल्या राह्यतात. इथून बाहेर कसा निघू?"

"रिव्हर्स घ्यायचा."

"तीन ट्रॉल्या घेऊन रिव्हर्स घ्या बरं तुमी एकडाव."

मी त्यांना मागच्या मोकळ्या जागेत करून दाखवायला सांगितलं. त्यांनी ट्रॅक्टर मागे घेतला आणि पहिली ट्रॉली डावीकडे, दुसरी उजवीकडे, तिसरी भिंतीकडे गेली. तीस वर्षांच्या हाताला जे जमत नव्हतं ते मी कागदावर एका बाणानं करून टाकलं होतं. त्यांनी उतरून खडूनं जमिनीवर दोन लांब रेघा ओढल्या. एका बाजूनं शिरायचं, चार्जरजवळ थांबायचं, दुसऱ्या बाजूनं निघायचं, पेट्रोल पंपावर करतात तसं. त्या खडूच्या रेघांवर आम्ही डिझेलचा ट्रॅक्टर दिवसभर फिरवला आणि मी नकाशा नव्यानं काढला. त्यावर 'आखणी' या शब्दापुढे त्यांचं नाव घातलं. साने सर म्हणाले, असं करायची पद्धत नाही. मी म्हटलं, मग आता पडेल.

गाड्या एप्रिलमध्ये आल्या. महिनाभर चालवून बघायच्या, मग मुख्य कार्यालयाचे दोन साहेब येऊन पाहणार आणि ठरवणार. डिझेलच्या गाड्या मागे झाकून ठेवल्या होत्या, लागल्याच तर म्हणून. महिना बरा गेला. एकच खेळ झाला. विजेच्या ट्रॅक्टरला आवाज नाही, त्यामुळे माणसं वाटेतून बाजूला होईनात. भाऊंनी घरून बैलाच्या घुंगरांची माळ आणून समोर बांधली. छुमछुम करत ट्रॅक्टर निघाला आणि सुरक्षेच्या मॅडम धावत आल्या. विमान उभं राहतं तिथे सुटा खिळासुद्धा पडलेला चालत नाही. इंजिननं ओढून घेतला तर अनर्थ होतो. घुंगरं तिथल्या तिथे जप्त. पुढे कंपनीनं भोंगा बसवून दिला, पण भाऊंच्या मते त्यात ती मजा नाही.

साहेब आले ते मे महिन्यात, आणि आमच्या मे महिन्याबद्दल वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला काय सांगावं! दुपारी एक वाजता मी चार्जरच्या पडद्यावरचा आकडा पाहिला तर जीपीयूचं चार्जिंग जवळजवळ थांबलेलं. चार्जर फार तापला की स्वतःला जपायला वीज कमी करतो. जीपीयूच्या बॅटरीत चाळीस टक्के होते. अडीचच्या विमानाला तेवढे पुरेसे होते, म्हणून मी घाबरले नाही.

दीड वाजता साने सर अक्षरशः पळत आले. "नागपूरला धुळीचं वादळ आहे. तिथलं एक विमान आपल्याकडे वळवलंय. वीस मिनिटांत उतरेल. किती वेळ थांबेल, सांगता येत नाही."

म्हणजे एकाऐवजी दोन विमानं. त्यातलं एक माणसांनी भरलेलं, त्या उन्हात उभं. जीपीयूची वीज संपली तर आत पंखेही बंद. बरोबर आलेल्या साहेबांपैकी मोठे साहेब शांतपणे म्हणाले, "डिझेलचा काढून ठेवा." ते चुकीचं बोलत नव्हते. पण तो निघाला असता तर निर्णयही तिथेच निघाला असता.

"वीस मिनिटं द्या," मी म्हटलं. "नाही जमलं तर मीच काढायला सांगते."

दुसरा चार्जर पाण्याच्या टाकीच्या सावलीत होता आणि अजून नीट चालत होता. त्यावर शालिग्रामभाऊंचा ट्रॅक्टर लावलेला. मी काही बोलायच्या आत त्यांनी प्लग काढला.

"माह्यात पस्तीस टक्के हाये. मी निभावतो. जीपीयूले लावा इथं."

"पस्तीसमध्ये दोन विमानं?"

"फेऱ्या कमी करतो ना ताई. वाढवता येतात तं कमीबी करता येतात."

जीपीयू सावलीतल्या चार्जरला लागला. पण हळूहळू तोही तापायला लागला. अकोल्यात जन्म काढलेल्या बाईला अशा वेळी एकच गोष्ट सुचते. मी साने सरांच्या खोलीत गेले, तिथला लोखंडी कूलर सॉकेटमधून काढला, आतलं पाणी ओतून टाकलं, आणि साने सरांच्या मदतीनं तो ढकलत चार्जरपुढे आणून उभा केला. कोरडा वारा, पाण्याचा थेंब नाही. दहा मिनिटांत पडद्यावरचा आकडा पुन्हा चढू लागला.

विमान उतरलं. जीपीयू लागला, इंजिनं बंद झाली, आतले पंखे चालू राहिले. सगळं ठीक होतंय असं वाटलं तोच त्या विमानात निराळाच गोंधळ उठला. वीस-बावीस प्रवासी उभे राहून सांगू लागले की आम्हाला इथेच उतरवा. ते सगळे अमरावतीचेच! नागपूरला उतरून टॅक्सीनं इथेच येणार होते. एक गृहस्थ दारातून ओरडत होते, "मॅडम, माहं घर इथून दिसून राहिलं! मले नागपूरले नेऊन कावून परत पाठवता?" फोनाफोनी झाली, परवानगी मिळाली. पण त्यांच्या बॅगा शोधायच्या म्हणजे विमानाच्या पोटातलं सगळं सामान खाली काढणं आलं. आणि तेवढ्यात अडीचचं विमान आलं, जीपीयूची दुसरी केबल त्याला लागली.

पुढचा सव्वा तास मी शालिग्रामभाऊंना पाहत होते. एरवी दोन फेऱ्यांत होणारं काम ते एकात करत होते. ट्रॉल्या दोन्ही विमानांच्या मधोमध उभ्या करायच्या. माणसांनी चार पावलं जास्त चालायचं, ट्रॅक्टरनं नाही. "बसून नका राहू, उचला, हा ट्रॅक्टर आज उपाशी हाये!" असं ओरडत ते स्वतःही बॅगा उचलत होते. मोठे साहेब थोडा वेळ आमच्याबरोबर उन्हात थांबले, मग साने सरांच्या खोलीत जाऊन बसले आणि पाच मिनिटांत घामानं भिजून बाहेर आले.

"आतला कूलर कुठे आहे?"

"सर," साने सर म्हणाले, "चार्जरला लावलाय."

साहेब तिकडे गेले. चार्जरपुढे घरघरणारा कूलर बघून आधी त्यांच्या कपाळाला आठी पडली, मग ते त्याच्या वाऱ्यात, चार्जरशेजारीच उभे राहिले. विमानं जाईपर्यंत तिथून हलले नाहीत.

दोन्ही विमानं गेली तेव्हा जीपीयूत चौदा टक्के होते, ट्रॅक्टरमध्ये नऊ. डिझेलच्या गाडीवरचं आवरण निघालं नव्हतं. साहेबांनी भाषण वगैरे केलं नाही. एवढंच म्हणाले, "दोन विमानं उभी होती आणि मला तुमचं बोलणं ऐकू येत होतं." आठवड्याभरात मंजुरी आली. सोबत दोन्ही चार्जरना पक्कं छप्पर आणि पंखे. साने सरांचा कूलर परत गेला.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. चालकांसाठी मी लेखी कागद आणला. डिझेल मेकॅनिक रफीकभाईंचा विचार माझ्या डोक्यातच आला नाही. विजेच्या गाड्यांची देखभाल त्या बनवणाऱ्या कंपनीचे लोक बाहेरून येऊन करतात. रफीकभाईंना काम उरलं नाही आणि मला ते कळेपर्यंत त्यांनी बडनेऱ्याला गॅरेज टाकलंही होतं. ते चांगलं चाललंय. भेटले की चहा पाजतात, तक्रार करत नाहीत. पण माझ्या वहीत गाड्यांचे सगळे आकडे होते आणि त्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाची ओळ नव्हती, हे मला आजही बोचतं. पुढे दुसऱ्या दोन ठिकाणच्या आखणीसाठी बोलावणं आलं, तेव्हा मी पहिलं पान मेकॅनिकांचं केलं.

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट सांगते आणि थांबते. मोझरीजवळच्या एका खेड्यातली आजी मुंबईला मुलाकडे निघाली होती. ऐंशीच्या पुढची, झेंडूची शेती करणारी, गुडघे गेलेले. चाकाच्या खुर्चीवरून लिफ्टगाडीत घेतलं. त्या दिवशी लिफ्ट शालिग्रामभाऊ चालवत होते, आणि मी आजीशेजारी उभी होते. आवाज न करता आम्ही वर गेलो, विमानाच्या दाराशी थांबलो. आजीनं इकडेतिकडे पाहिलं.

"उडलं काय वो हे?"

"नाही आजी, ही फक्त लिफ्ट आहे. विमान ते समोरचं."

"मंग थांब जराशीक." ती खुर्चीत पुढे सरकली आणि कठड्याला हात लावून पाहू लागली. पाऊस नुकताच संपलेला. कुंपणापलीकडे तुरी, कपाशी, मधून जाणारा ओला रस्ता, लांबवर शेरडं. रोज दिसणारंच सगळं, पण पुरुषभर उंचीवरून. "सारं आयुष्य त्यातच वाकून काढलं बाई," ती म्हणाली. "वरून कदी पायलंच नाही."

विमानाच्या दारातली मुलगी घड्याळाकडे बघत होती. मीही बघितलं. जिना चढणारे प्रवासी संपले होते. खाली शालिग्रामभाऊंचा हात बटणावर होता. मी त्यांना खूण करणार, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"पाहून घ्या माय, दमानं पाहून घ्या," ते म्हणाले. "चार्जिंग भरपूर हाये."

विमान चार मिनिटं उशिरा गेलं. उशिराचं कारण लिहायचा रकाना असतो. साने सरांनी मला विचारलं, काय लिहू? मी खरं ते सांगितलं. त्यांनी पेन उचललं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच असेल, ते पुण्याचं बोलणं सोडून म्हणाले, "ताई, आजी पाहून राहिली होती, असंच लिहू ना?"